टाइप-सी ॲडॉप्टर मधे आला की डॉक अर्धवट चालतो; दोष नेमका कुठे शोधावा?

सिंहगडरोडवरून
शनिवार, सकाळी १०.१५

नमस्कार. आठवड्यातून तीन दिवस मी घरून काम करतो आणि दोन दिवस हिंजवडीला जातो. त्यामुळे घरच्या टेबलावर दोन मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि लॅनची तार असा सगळा संसार एका डॉकला, म्हणजे सगळी उपकरणे एकाच केबलने लॅपटॉपला जोडून देणाऱ्या डबीला, कायमचा जोडलेला असतो, आणि लॅपटॉप आणला की एकच केबल खोचायची, असा माझा दोन वर्षांचा शिरस्ता होता. गेल्या महिन्यात ऑफिसने लॅपटॉप बदलून दिला, मी एक मोठा मॉनिटर घेतला आणि मुलीच्या अभ्यासासाठी घरातला जुना लॅपटॉपही याच टेबलावर वापरायचे ठरले. या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्यामुळे बिघाड कोणत्या बदलापासून सुरू झाला, हे मला आता खात्रीने सांगता येत नाही.

डॉकला स्वतःचा वीजपुरवठा नाही. त्याच्या मागच्या टाइप-सी पोर्टमध्ये लॅपटॉपचाच ६५ वॅटचा चार्जर लावायचा आणि डॉक ती वीज पुढे लॅपटॉपला देतो, अशी त्याची रचना आहे. लॅपटॉपकडे जाणारी वीतभर केबल डॉकच्या अंगचीच आहे, म्हणजे ती सुटी करता येत नाही. मॉनिटर एक २४ इंची फुल एचडी आणि नवा २७ इंची फोर-के; दोन्ही एचडीएमआय केबलने डॉकला जोडले आहेत. नव्या लॅपटॉपचे दोन्ही टाइप-सी पोर्ट डाव्या अंगाला आहेत आणि माझे टेबल डावीकडे भिंतीला टेकलेले असल्यामुळे केबल फार वाकते, म्हणून मी मधे एक काटकोनी ॲडॉप्टर घातला आहे. जुन्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्टच नाही, म्हणून त्याच्यासाठी टाइप-सीचे टोक टाइप-ए, म्हणजे जुन्या चपट्या आयताकृती यूएसबी, पोर्टमध्ये बसवणारा दुसरा ॲडॉप्टर घेतला. दोन्ही ऑनलाइन घेतले आणि दोन्ही मिळून चारशे रुपयांच्या आत पडले.

जुन्या लॅपटॉपवर कीबोर्ड, माउस आणि लॅन चालतात, पण दोन्ही मॉनिटर ‘सिग्नल नाही’ असे दाखवतात आणि चार्जिंगही होत नाही. पेन ड्राइव्हची गत तर अशी की तोच पेन ड्राइव्ह एके दिवशी वेगाने चालतो आणि दुसऱ्या दिवशी गोगलगायीसारखा. नव्या लॅपटॉपवर दोन्ही मॉनिटर लागतात, परंतु फोर-के मॉनिटर ३० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, वर जात नाही आणि त्यावर माउसचा बाण ओढून नेल्यासारखा सरकतो. दिवसातून पाच-सहा वेळा दोन्ही मॉनिटर दोन सेकंद काळे होऊन परत येतात. ‘चार्जिंग संथ गतीने होत आहे’ ही सूचना रोज दिसते. शिवाय वीज गेली आणि इन्व्हर्टरने भार घेतला की डॉकला जोडलेले सगळे क्षणभर सुटते आणि मी चालू मीटिंगमधून बाहेर पडतो.

एका दुकानदाराने डॉक खराब झाल्याचे सांगितले आहे. नव्या डॉकसाठी पाच आकडी रक्कम मोजण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून विचारत आहे.


डाखवाला
शनिवार, दुपारी १२.४०

डॉक बदलण्याची घाई करू नका. तुमच्या वर्णनात ‘काय चालत नाही’ याच्याइतकेच ‘काय चालते’ हेही लिहिले आहे, आणि निदानासाठी तेच अधिक उपयोगी आहे. मी आधी जुन्या लॅपटॉपपुरतेच लिहितो, कारण तो प्रश्न सरळ आहे आणि त्याचे उत्तर बहुधा तुम्हाला आवडणार नाही.

टाइप-सीच्या जोडणीत बारा-बाराच्या दोन ओळींत मिळून २४ पिना असतात. त्यांपैकी काही पिनांतून पाच व्होल्टपासून वर वाढत जाणारी वीज जाते, दोन पिनांवर जुन्या यूएसबी २.० चा संथ प्रवाह असतो, आणि चार जोड्या वेगवान माहितीसाठी राखलेल्या असतात. या सगळ्यांत सीसी नावाची एक पिन दिसायला क्षुल्लक असते, पण प्लग सुलटा आहे की उलटा, पलीकडे कोण आहे, किती वीज हवी, आणि वेगवान जोड्यांपैकी काही मॉनिटरच्या चित्रासाठी सोडायच्या का, या सगळ्या वाटाघाटी त्या एका पिनेवरून होतात. टाइप-ए पोर्टमध्ये ही पिन मुळातच नाही. त्यामुळे तुमच्या ॲडॉप्टरपाशी हे संभाषण तुटते. कीबोर्ड, माउस आणि लॅन ही साधी यूएसबी उपकरणे आहेत, त्यांना वाटाघाटीची गरज नाही, म्हणून ती चालतात. मॉनिटरचे चित्र मात्र ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ नावाच्या सोयीतून येते, ती वाटाघाटीशिवाय सुरूच होत नाही, आणि टाइप-ए पोर्टमागे ग्राफिक्सची तार जोडलेलीही नसते. चार्जिंगचेही तसेच: टाइप-ए पोर्ट वीज देण्यासाठी बनलेला आहे, घेण्यासाठी नव्हे. यूएसबी ३.० च्या टाइप-ए पोर्टकडून ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट, एवढ्याचीच हमी असते.

पेन ड्राइव्हच्या लहरीपणाचे कारण तर मजेशीर आहे. स्वस्त ॲडॉप्टरमध्ये वेगवान जोड्यांपैकी एकाच बाजूच्या जोड्या टाइप-एच्या पिनांना जोडलेल्या असतात. प्लग त्या बाजूने बसला तर यूएसबी ३ चा वेग मिळतो, उलटा बसला तर सगळा डॉक निमूटपणे यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटवर उतरतो. खात्री करायची असल्यास प्लग काढून, फिरवून पुन्हा बसवा आणि तीच मोठी फाइल दोनदा उतरवून पाहा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. टाइप-सीची खाच आणि टाइप-एचा प्लग असलेला हा ॲडॉप्टर यूएसबीच्या मानकाला मान्यच नाही. टाइप-सी पोर्ट पलीकडे कोणी आहे याची खात्री पटेपर्यंत वीज सोडत नाही, पण टाइप-ए पोर्टवर पाच व्होल्ट कायम असतात. असे दोन ॲडॉप्टर आणि एक साधी टाइप-सी केबल एकत्र आली, तर वीज देणारे दोन पोर्ट समोरासमोर जोडले जाऊ शकतात, आणि त्यात कोणाचा बळी जाईल हे आधी सांगता येत नाही. माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेले असे दोन पोर्ट मी पाहिले आहेत. बाजारात मात्र हे ॲडॉप्टर फुटाण्यांसारखे मिळतात. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एक फेरी मारली तरी मूठभर गोळा होतील.


शंकेखोर_सदाशिव
शनिवार, दुपारी ३.०५

डाखवाले यांचे विवेचन वाचले. ते पटण्यासारखे असले, तरी अनुभवाशी जुळत नाही. माझ्या ऑफिसच्या टेबलावरचा डॉक टाइप-ए पोर्टलाच जोडलेला आहे आणि त्यावर दोन मॉनिटर गेली चार वर्षे विनातक्रार चालत आहेत. ‘ग्राफिक्सची तार नसते’ हे खरे असेल, तर माझ्या मॉनिटरवर चित्र येते कुठून?


डाखवाला
शनिवार, दुपारी ३.५०

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘डिस्प्लेलिंक’ या शब्दात आहे. तुमच्या डॉकच्या तळाशी किंवा खोक्यावर तो शब्द छापलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. त्या प्रकारच्या डॉकमध्ये चित्र ग्राफिक्सच्या तारेतून येतच नाही. लॅपटॉपवर बसवलेला ड्रायव्हर पडद्यावरचे दृश्य आकुंचित करून साध्या यूएसबी माहितीसारखे पाठवतो, आणि डॉकमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. म्हणून त्याला टाइप-ए पुरतो. त्याची किंमत लॅपटॉपच्या प्रोसेसरला मोजावी लागते, हलत्या चित्रात कधीकधी अडखळ जाणवते, आणि नक्कल-प्रतिबंध असलेले चित्रपट काही वेळा त्या मॉनिटरवर काळे दिसतात. कागदपत्रे आणि तक्ते यांच्यासाठी मात्र तो उत्तम चालतो.

सिंहगडरोडकरांचा डॉक त्या जातीचा नसावा, कारण ड्रायव्हर बसवल्याचा उल्लेख त्यांनी कुठेही केलेला नाही आणि नव्या लॅपटॉपवर मॉनिटर आपोआप लागले आहेत. तरीही त्यांनी डॉकच्या तळाचे लेबल एकदा वाचावे.


माजी_हेल्पडेस्क
शनिवार, रात्री ९.३०

एका कंपनीच्या मदतकक्षात मी सहा वर्षे काढली आणि त्यांतली निदान दोन वर्षे डॉकच्या तक्रारींतच गेली असावीत. नव्या लॅपटॉपवरच्या तुमच्या चार तक्रारींना मी चार वेगळी कारणे मानतो. एकच दोष सगळीकडे शोधायला गेलात, तर तुम्ही शेवटी डॉकच बदलाल, आणि त्यांतल्या निदान दोन तक्रारी नव्या डॉकबरोबरही तशाच राहतील.

३० हर्ट्‌झची तक्रार आधी घेतो, कारण तो बिघाडच नाही. टाइप-सीच्या चार वेगवान जोड्यांपैकी यूएसबी ३ चे पोर्ट असलेला साधा डॉक सहसा दोनच जोड्या चित्रासाठी घेतो आणि उरलेल्या दोन माहितीसाठी ठेवतो. डिस्प्लेपोर्टच्या जुन्या, ‘एचबीआर २’ नावाच्या वेगात दर जोडीला सेकंदाला ५.४ गिगाबिट मिळतात, आणि सांकेतीकरणाचा खर्च वजा जाता दोन जोड्यांचे मिळून ८.६४ उरतात. फुल एचडी मॉनिटरला ६० हर्ट्‌झसाठी सव्वातीनच्या आसपास लागतात, म्हणून तुमचे आधीचे दोन फुल एचडी मॉनिटर त्यात आरामात मावत होते. फोर-के मॉनिटरला ६० हर्ट्‌झसाठी एकट्यालाच सुमारे साडेबारा लागतात. नवा लॅपटॉप आणि डॉक दोघेही ‘एचबीआर ३’ जाणत असतील, तर दर जोडीला ८.१ या हिशेबाने हाती १२.९६ उरतात; म्हणजे फोर-के एकटा असेल तर जेमतेम मावतो, पण शेजारी दुसरा मॉनिटर आला की त्याला ३० वर उतरावेच लागते. लहान मॉनिटरची केबल काढून पाहा. मोठ्यावर ६० हर्ट्‌झचा पर्याय उगवला, तर माझा हिशेब बरोबर आहे असे समजा. न उगवल्यास मोठ्या मॉनिटरची एचडीएमआय केबल आणि डॉकची मर्यादा तपासा, कारण एचडीएमआय १.४ ची धाव फोर-केसाठी ३० हर्ट्‌झपर्यंतच आहे आणि ६० साठी २.० लागते. लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय पोर्ट असेल, तर मोठा मॉनिटर सरळ त्याला जोडावा. एका केबलची हौस थोडी कमी होईल, पण डॉकवरचा सगळा ताण उतरेल.

आता मॉनिटर काळे होण्याविषयी. मदतकक्षात आम्ही पहिला प्रश्न हाच विचारत असू की त्या दोन सेकंदांत आणखी काय काय बंद पडले. एकच मॉनिटर जात असेल तर त्याच्या एचडीएमआय केबलवर संशय घ्यावा. दोन्ही मॉनिटर जातात पण माउस आणि लॅन चालूच राहतात, असे असेल तर चित्राच्या वेगवान जोड्यांत कुठेतरी सिग्नल क्षीण होतो आहे. आणि यूएसबी उपकरणे सुटल्याचा आवाज येऊन सगळेच जात असेल, तर वीज किंवा सीसीची पिन यांपैकी एक दोषी असते. तुमचे वर्णन मधल्या प्रकारात बसते, म्हणून माझा पहिला संशय काटकोनी ॲडॉप्टरवर आहे. टाइप-सीची लांबी वाढवणारी केबल किंवा असला मधला जोड मानकाने धरलेलाच नाही. प्रत्येक जोडावर वेगवान सिग्नलचा थोडा अंश नष्ट होतो. लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यातली जुळणी बिघडली की ते दोघे ती नव्याने जुळवतात, आणि ते जुळवणे म्हणजेच तुमचे दोन काळे सेकंद. शिवाय चार्जर आणि लॅपटॉप किती अँपिअर घ्यायचे ते केबल पाहून ठरवतात; मधल्या ॲडॉप्टरची त्यांना दखलच नसते. तीन अँपिअर सतत वाहत असताना तो हाताला चटका देण्याइतका तापत असेल, तर तो आजच काढून टाका.

संथ चार्जिंगचे गणित सोपे आहे. अशा डॉकच्या तळाशी ‘आत १०० वॅट, बाहेर ८५ वॅट’ अशा स्वरूपाचा मजकूर असतो, म्हणजे मधले १५ वॅट डॉक स्वतःसाठी राखतो. तुमच्या ६५ मधून पंधरा गेले की पन्नास उरतात, आणि ६५ ची अपेक्षा धरणारा लॅपटॉप कुरकुर करतो. १०० वॅटचा चार्जर घेणे हा एक मार्ग आहे, मात्र त्याबरोबर ५ अँपिअरची, ओळख-चिप असलेली केबल घ्यावी लागेल. ती चिप नसलेल्या केबलवर चार्जर ३ अँपिअरच्या, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच्या, पुढे जात नाही.

पण तुमच्या बाबतीत मी खर्च न करता दुसराच प्रयोग आधी करीन. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट आहेत ना? चार्जर डॉकच्या मागून काढा आणि सरळ लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावा. लॅपटॉपला पूर्ण ६५ वॅट मिळतील आणि डॉक आपल्यापुरती वीज लॅपटॉपकडूनच घेईल. पाच व्होल्टला दीड ते तीन अँपिअर बहुतेक लॅपटॉप देतात आणि कीबोर्ड, माउस, लॅन यांना तेवढे पुष्कळ होतात. डॉकला मोठी हार्ड डिस्क लटकवलेली असेल तर मात्र हे जमणार नाही. दुसरा पोर्ट चार्जिंग घेतो की नाही हे त्याच्या शेजारच्या खुणेवरून किंवा लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेवरून पाहून घ्या, कारण काही लॅपटॉपांत दोन दिसायला सारखे पोर्ट कामाला सारखे नसतात.

इन्व्हर्टरची तक्रारही याच बदलाने जाईल असा माझा अंदाज आहे. आज काय होते, तर वीज गेल्यापासून इन्व्हर्टरने भार घेईपर्यंतच्या क्षणात चार्जर बंद पडतो. तोवर वीज देणारा डॉक एकाएकी वीज मागणारा होतो, वाटाघाटी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि तेवढ्यात सगळी उपकरणे सुटतात. हा बदल न सांडता व्हावा यासाठी ‘पॉवर डिलिव्हरी’ या टाइप-सीवरून वीज देण्याघेण्याच्या पद्धतीत ‘फास्ट रोल स्वॅप’ नावाची सोय आहे, पण ती डॉक आणि लॅपटॉप दोघांत असावी लागते. डॉक लॅपटॉपच्या विजेवरच चालत असेल, तर भिंतीतली वीज गेल्याचे त्याला कळणारही नाही. जाता जाता, इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण असल्यास ते चालू आहे ना, तेही पाहा, त्या मोडमध्ये भार घेण्याचा वेळ कमी असतो.

कंपनीचा लॅपटॉप असल्यामुळे बायोस, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा डॉकचे फर्मवेअर स्वतः बदलू नका; ते काम तुमच्या मदतकक्षाकडूनच करून घ्या. आणि एका वेळी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलून ‘आता चालते’ असे सांगणाऱ्यांनीच मला सर्वांत जास्त छळले आहे.


सफरचंद_औंध
रविवार, सकाळी ८.१०

मूळ प्रश्न विंडोजचा दिसतो, पण हा धागा मॅकवाले वाचतील म्हणून थोडे लिहितो. एम १ आणि एम २ या मूळ चिपांचे मॅकबुक मुळातच एक बाहेरचा मॉनिटर चालवतात; कितीही महाग डॉक घेतला तरी डिस्प्लेलिंकखेरीज दुसरा मॉनिटर लागत नाही. एम ३ च्या मॅकबुक एअरवर दोन लागतात, पण झाकण मिटल्यावर. माजी_हेल्पडेस्क यांच्या हिशेबात गृहीत असलेली एका तारेतून दोन मॉनिटर विभागण्याची पद्धत मॅकओएस वेगळ्या पडद्यांसाठी वापरत नाही, त्यामुळे साध्या टाइप-सी डॉकवर दोन्ही मॉनिटर एकमेकांची नक्कल दाखवतात आणि लोक डॉक परत करतात. मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून मॅकबुक नव्या उपकरणाला परवानगी विचारतो. ती खिडकी नजरेआड राहिली तर डॉकचे यूएसबी पोर्ट मेल्यासारखे वाटतात.

आणखी एक. सेकंडहँड डॉक घेणार असाल, तर थंडरबोल्ट ३ या वेगळ्या, अधिक वेगवान जोडणीच्या सुरुवातीच्या डॉकपैकी अनेक डॉक साध्या टाइप-सी पोर्टवर चालतच नाहीत. तोंड सारखे असल्यामुळे प्लग मात्र छान बसतो. मी त्यात फसलो आहे.


शंकेखोर_सदाशिव
सोमवार, सकाळी ११.२०

डॉक उलटा करून पाहिला. डिस्प्लेलिंक असे छापलेले आहे. डाखवाले यांचे म्हणणे मान्य. मात्र चार वर्षांपूर्वी हा डॉक निवडताना टाइप-ए लक्षात घेऊन निवडला होता, हे श्रेय आमच्या खरेदी विभागाला द्यावे की योगायोगाला, याविषयीची शंका कायम आहे.


सिंहगडरोडवरून
शुक्रवार, सायंकाळी ७.४५

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रोज एकच बदल केला, त्यामुळे उत्तर द्यायला आठवडा लागला.

रविवारी काटकोनी ॲडॉप्टर काढला. टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ओढल्यावर केबल सरळ बसली. हे आधी सुचले असते तर ॲडॉप्टर घेण्याची वेळच आली नसती. त्या दिवसापासून दोन्ही मॉनिटर एकदम काळे झालेले नाहीत. फक्त लहान मॉनिटर सोमवारी आणि मंगळवारी एकेकदा एकटाच गेला, म्हणून त्याची एचडीएमआय केबल बदलली; त्यानंतर तोही शांत आहे. काढलेला ॲडॉप्टर पाहिला तर त्याचे प्लास्टिक एका बाजूने पिवळसर पडलेले आहे.

मंगळवारी लहान मॉनिटरची केबल काढून पाहिली आणि मोठ्यावर ६० हर्ट्‌झचा पर्याय खरोखरच उगवला. दोन्ही जोडताच तो नाहीसा झाला. आता मोठा मॉनिटर लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला सरळ जोडला आहे आणि दोन्ही ६० वर चालतात. मॉनिटरबरोबर खोक्यात आलेली केबलच वापरली.

बुधवारी चार्जर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावला. संथ चार्जिंगची सूचना तेव्हापासून आलेली नाही. काल गुरुवारी आमच्याकडे वीज दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा लहान मॉनिटर, कीबोर्ड आणि लॅन यांपैकी काहीही सुटले नाही. मोठा मॉनिटर मात्र एकदा क्षणभर विझून परत आला, पण त्याला स्वतःची वीज भिंतीतूनच लागते, तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. मीटिंग चालू राहिली. इन्व्हर्टरच्या मागचे बटण बंद होते, ते आता चालू केले आहे.

जुन्या लॅपटॉपसाठी डॉकचा नाद सोडला. त्याला एचडीएमआय पोर्ट आहेच, म्हणून लहान मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय तोंडाला त्याची केबल कायमची लावून ठेवली आहे आणि मुलगी मॉनिटरच्या बटणाने बाजू बदलून घेते. टाइप-ए ॲडॉप्टर कचऱ्यात टाकला.

एक नवाच उपद्रव मात्र सुरू झाला आहे. टेबल पुढे ओढल्यानंतर डॉकची जागा बदलली आणि बिनतारी माउस अडखळू लागला आहे. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तेव्हा तो जास्त अडखळतो. हेही डॉकचेच लक्षण आहे का?


डाखवाला
शुक्रवार, रात्री ८.३०

नाही, हा रेडिओचा गोंधळ आहे. यूएसबी ३ चा वेगवान प्रवाह २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट सोडतो आणि तुमच्या माउसचा रिसीव्हरही त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलने २०१२ सालीच यावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. रिसीव्हर पेन ड्राइव्हच्या लगतच्या पोर्टमध्ये असेल, तर शेजारी बँड वाजत असताना फोनवर बोलल्यासारखी त्याची अवस्था होते. वीतभर लांबीची साधी टाइप-ए वाढीव केबल घ्या, ती डॉकच्या यूएसबी २.० पोर्टला लावा आणि रिसीव्हर माउसजवळ, टेबलाच्या पुढच्या कडेला आणून ठेवा. टाइप-एची वाढीव केबल चालते. माजी_हेल्पडेस्क यांचा आक्षेप टाइप-सीच्या वाढीव केबलला होता. घरातले वाय-फाय २.४ वर असेल आणि तेही डॉकजवळ मंदावत असेल, तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर न्या.


सिंहगडरोडवरून
शनिवार, सकाळी ९.५०

रिसीव्हर नेमका पेन ड्राइव्हच्या शेजारीच होता. जुन्या प्रिंटरची एक वाढीव केबल माळ्यावर सापडली, ती लावली. माउस आता सरळ चालतो.